आईला घेऊन मुंबई ते न्यूयॉर्क: १२,५०० किलोमीटर, पावणेसोळा तास

फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस आईला ताईकडे न्यू जर्सीला पोचवून आलो. आई ७२ वर्षांची, बीपीची गोळी चालू, गुडघे दुखरे. मध्ये कुठे विमान बदलायचं नाही, थेट न्यूयॉर्क गाठायचं, हे आधीच ठरवलं होतं.

विमान रात्री पावणेदोनला सुटलं आणि सकाळी सातला उतरलं. तिकिटावरच्या वेळा बघून आईला वाटलं, पाच-साडेपाच तासांचा प्रवास! पण दोन्ही वेळा त्या त्या गावच्या. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यामागे साडेदहा तास असतं. मार्चमध्ये तिकडची घड्याळं तासभर पुढे सरकली की साडेनऊ. तो फरक मिळवला की पावणेसोळा तास होतात.

घरी पृथ्वीचा गोल असेल तर मुंबई आणि न्यूयॉर्कमध्ये दोरा ताणून बघा. दोरा युरोपच्या मध्यातून जात नाही. तो सेंट पीटर्सबर्गजवळून आइसलंडवर चढतो आणि ग्रीनलंडचं दक्षिण टोक जवळ करून खाली उतरतो. हे अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. प्रत्यक्षात विमान वारा आणि मोकळं आकाश बघून वाट काढतं. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद झालं आणि पश्चिमेकडच्या फेऱ्या लांबल्या. त्यामुळे जुन्या प्रवाशांनी सांगितलेल्या वेळेवर, माझ्यासुद्धा, विसंबू नका. तिकीट काढताना एकूण वेळ आणि मध्ये थांबा आहे का, हे दोन्ही तपासा.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो आईच्या मनगटावरच्या घड्याळाचा. ते भारतीय वेळेवरच ठेवलं होतं. बाहेर रात्र संपता संपत नाही, जेवण भलत्याच वेळी येतं, अशात गोळी कधी घेतली याचा घोळ सहज होतो. तिकडे गेल्यावर गोळीची वेळ कशी बदलायची, हे डॉक्टरांकडून निघण्याआधीच लिहून घेतलं. गोळ्या आणि चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. कडेची सीट घ्या म्हणजे उठणं सोपं जातं. दर दोन तासांनी मी आईला मागच्या मोकळ्या जागेपर्यंत चालवून आणायचो. पायात डॉक्टरांनी सांगितलेले घट्ट मोजे होते, तरी घोटे थोडे सुजलेच. व्हीलचेअर तिकिटाबरोबरच सांगून ठेवा; उतरल्यावरचं चालणं आणि इमिग्रेशनची रांग दोन्ही मोठी असतात.

खाऊ नेत असाल तर कस्टमला तसं स्पष्ट सांगा. आम्ही लाडू आणि गोडा मसाला आहे म्हणून सांगितलं, काही अडचण आली नाही. ताजा कढीपत्ता मात्र नेऊ नका, त्याला बंदी आहे.

मार्चच्या मध्यावर एकटा परतलो. दुपारी बाराला निघालेलं विमान दुसऱ्या दिवशी साडेअकराला मुंबईत, म्हणजे चौदाच तासांत. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. जाताना ते समोरून येतात, येताना पाठीशी असतात. हिवाळ्यात त्यांचा जोर जास्त.

दीड वाजता घरी पोचलो, तेव्हा ताईकडे पहाटेचे चार वाजले होते. बॅग खाली ठेवतोय तोच आईचा फोन आला, "जेवलास का?"