फाईल तीच, तरी मशीन उभं

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचा फाईल सर्व्हर मी सांभाळतो. त्यावर उबुंटू लिनक्सची 18.04 ही आवृत्ती होती. मे 2023 मध्ये त्याचा नेहमीचा सपोर्ट संपत होता, म्हणून त्याच महिन्यात एका रविवारी राजारामपुरीतल्या घरून रिमोटने 20.04 वर न्यायला बसलो.

अपडेट म्हणजे बटण दाबायचं आणि चहाला जायचं, असं मालकांना वाटतं. चहा होतोही. पण मधेच ते थांबतं आणि विचारतं: ही सेटिंगची फाईल तुम्ही बदललेली दिसते, पॅकेजवाल्यांनीही, म्हणजे प्रोग्रॅम बांधून देणाऱ्यांनीही, नवी पाठवली आहे, कुठली ठेवू? हा प्रश्न उगाच येत नाही. जुन्या पॅकेजची मूळ फाईल, नव्या पॅकेजची आणि तुमच्या मशीनवरची, अशा तिन्हींची ताडणी होते. तुम्ही हात लावला नसेल तर नवी गुपचूप बसते. पॅकेजवाल्यांनी काही बदललं नसेल तर तुमचीच राहते. दोघांनीही बदललं असेल तरच विचारणा. ही सोय ज्याने केली त्याला माझा नमस्कार.

या वेळी प्रश्न आला सांबाच्या फाईलवर. सांबा म्हणजे सर्व्हरवरची फोल्डर विंडोजच्या मशीनना नेटवर्कवरून दाखवणारा प्रोग्रॅम; त्या फोल्डरना शेअर म्हणतात, आणि सगळे शेअर याच फाईलवर चालतात. माझ्या एका मित्राचा नियम आहे, ‘सरळ नवी घ्यायची, कोरी पाटी.’ त्याच्या कोऱ्या पाट्या मी दोनदा निस्तरल्यात. मी फरक उघडून ओळ न् ओळ वाचला. ‘सिसलॉग’ची ओळ जाऊन ‘लॉगिंग’ची आलेली, थोड्या कॉमेंट बदललेल्या, बाकी आमचे शेअर. मधे आधीच्या माणसाने घातलेली एक ओळ, ‘एनटीएलएम ऑथ = यस’, आणि वर कॉमेंट, ‘मशीनसाठी. काढू नये.’ कुठलं मशीन, कधी, का, काही नाही. असली कॉमेंट लिहिणाऱ्याला एक दिवस पहिल्या पाळीला उभं करायला पाहिजे. पण काढू नये म्हटलंय म्हणून नाही काढली. ‘आपली ठेवा’ निवडलं. नवी फाईल शेजारी ‘यूसीएफ-डिस्ट’ शेपूट लावून पडून राहिली. सर्व्हर रीबूट झाला, ऑफिसच्या पीसीवरून शेअर उघडून बघितला, व्यवस्थित. समाधानाने झोपलो.

सोमवारी सात वाजून वीस मिनिटांनी फोन. ‘साहेब, ती दोन जुनी व्हीएमसी प्रोग्रॅम घेईनात. शेअरच दिसंना म्हणत्यात.’ मशीन शॉपचे मेस्त्री. व्हीएमसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी कटिंगची मशीन, आणि प्रोग्रॅम ती सर्व्हरच्या शेअरवरून घेतात.

‘बाकीची?’

‘बाकी सगळी चालू हायत की.’

तावडे हॉटेलवरून शिरोलीला पोचेपर्यंत मनात एकच, केबल. गेल्यावर पोर्ट बदलला, केबल बदलली, स्विच बंद करून चालू केला. मेस्त्री मागे हाताची घडी घालून उभे. मशीनच्या मेमरीत आधीचा जॉब होता म्हणून एकावर तोच चालवत होते. दुसरं उभंच होतं.

मग सर्व्हरवर गेलो. सेटिंगच्या फाईलींचं ईटीसी फोल्डर मी गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ठेवतो, त्यामुळे शुक्रवारची फाईल आणि आजची ताडता आली. फरक शून्य. एका अक्षराचाही नाही. सांबाची फाईल तपासणारं ‘टेस्टपार्म’ चालवलं, फाईल ठीक आहे म्हणालं. दहा मिनिटं मी त्या रिकाम्या डिफकडे बघत बसलो होतो.

अखेर त्या बिनपत्त्याच्या कॉमेंटनेच वाट दाखवली. ती ओळ लागते जुन्या पद्धतीने पासवर्ड पाठवणाऱ्या विंडोजसाठी. म्हणजे त्या दोन मशीनच्या कंट्रोलरच्या पोटात विंडोज एक्सपी असणार. होतंच. विंडोज शेअरसाठी जी भाषा बोलतं ती एसएमबी, आणि एक्सपीला तिची पहिली आवृत्ती सोडून दुसरी येत नाही. आता ‘टेस्टपार्म’ला ‘व्ही’ लावून चालवलं, म्हणजे फाईलमध्ये न लिहिलेल्या, गृहीत धरलेल्या किमतीही दिसतात. तिथे होतं: सर्व्हर मिन प्रोटोकॉल, एसएमबी 2. उबुंटू 18.04 मधला सांबा होता 4.7. 20.04 मूळ 4.11 घेऊन आलं, आणि नेमक्या 4.11 पासून सांबाने एसएमबीची पहिली आवृत्ती आपणहून बंद केली. आमच्या फाईलमध्ये याबद्दल ओळच नव्हती, पॅकेजच्या नव्या फाईलमध्येही नव्हती. मी उलटं उत्तर दिलं असतं तरी मशीन उभंच राहिलं असतं, वर शेअरही गेले असते.

‘सर्व्हर मिन प्रोटोकॉल = एनटी 1’, म्हणजे पहिली आवृत्तीही चालेल, असं लिहिलं, सेवा रीस्टार्ट केली. मेस्त्रींनी बटण दाबलं, प्रोग्रॅमची यादी आली. तोवर साडेदहा झाले होते.

‘काय बदललंतं?’ त्यांनी विचारलं.

‘मी काहीच नव्हतं बदललं.’

‘मग बिघडलं कसं?’

रिलीज नोट्समध्ये, म्हणजे नव्या आवृत्तीत काय बदललं त्याच्या नोंदींत, ते लिहिलेलं आहे. सांबाच्या मधल्या आवृत्त्यांच्या मी वाचल्याच नव्हत्या. हे त्यांना काय सांगणार? ‘आतलं बदललं’ म्हणालो. त्यांनी ज्या नजरेनं बघितलं ती नजर मी ओळखतो. कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे हवेचं भोक, निघाल्यावर ते मोल्डिंगवाल्याकडे तसंच बघतात.

सांबावाल्यांचंही चुकलेलं नाही. 2017 मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस पसरला तो विंडोजमधल्या एसएमबीच्या याच पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून. आणि मी ते दार पुन्हा उघडून दिलं, तेही सगळ्या सर्व्हरसाठी, कारण ही सेटिंग शेअरवार लावता येत नाही. दोन मशीनसाठी वेगळा छोटा सर्व्हर आणि वेगळं नेटवर्क, असं कोटेशन मालकांना त्याच दिवशी दिलं. ‘चालतंय की आता,’ म्हणाले.

त्या ओळीवर मी कॉमेंट लिहिली: दोन जुनी व्हीएमसी, एक्सपी, तारीख, कारण, आणि मशीन बदलल्यावर काढावी. जुन्या कॉमेंटखालीही तेवढंच लिहिलं. कोटेशन अजून अकाउंट्सच्या टेबलावर आहे.