डॉक्टर डूमचे नवे चिलखत

आजचा दिवस डॉक्टर डूमचे चिलखत नव्याने रेखाटण्यात गेला. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६२ साली ‘फँटास्टिक फोर’ या कॉमिकच्या पाचव्या अंकात आणलेल्या या खलनायकाचे मूळ रूप इतके नेमके आहे, की हिरवा टोपदार झगा, तो खांद्यांवर धरणाऱ्या सोनेरी चकत्या आणि रिव्हेट ठोकलेला करडा मुखवटा यांतले काहीही काढले, तर उरतो तो कोणताही यंत्रमानव. त्यामुळे मी बदल केले ते फक्त सांध्यांत. पंधराव्या शतकातील जर्मन चिलखतांत कोपर आणि गुडघ्यापाशी एकमेकांवर सरकणारे पातळ पत्रे असत व पत्र्यांना मजबुती देणाऱ्या पन्हळी उठवलेल्या असत. डूमचे राज्य असलेला लॅटव्हेरिया हा काल्पनिक देश पूर्व युरोपातला असल्याने ही घडण डूमला शोभते. चमकते दिवे आणि छातीवरची यंत्रे लावण्याचा मोह (हल्ली प्रत्येक नव्या रूपात ती असतातच!) मी टाळला, कारण डूम वैज्ञानिक असला तरी तो राजा आणि मांत्रिकही आहे. मुखवट्याला मात्र मी हात लावलेला नाही. झग्याच्या चुण्या अजून मनासारख्या उतरलेल्या नाहीत. त्या उद्या शाईने पुन्हा काढेन.