तुम्ही विचारलंत म्हणून: जेलमधून बीए होऊन करायचं काय?

लग्नाची पंगत असो, एसटी असो की बँकेतली पेन्शनची रांग, हा प्रश्न मला गाठतोच. "सर, आमची पोरं फी भरून शिकतात आणि घरी बसतात. तुमच्या त्या जेलवाल्यांना डिग्री देऊन काय होणार? त्यांना काम कोण देणार?" अहिराणीत विचारणारा जरा मोकळा असतो. "जेलमा बी कॉलेज ऱ्हास का भो?" म्हणतो आणि हसतो.

मी तालुक्याच्या कॉलेजात मराठी शिकवायचो. रविवारी मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर समंत्रक, म्हणजे मार्गदर्शन करणारा शिक्षक, म्हणून बसायचो. निवृत्त झालो तरी ते बसणं सुटलेलं नाही, त्यामुळे आत शिकायला लागलेली आणि मग सुटून आलेली माणसं माझ्यापर्यंत येतात.

फुकटच्या मुद्द्यात दम आहे, नाही कशाला म्हणू? इग्नूने, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने, कैद्यांना फीमाफी दिली आहे आणि बाहेरच्या शेतमजुराच्या पोराला फी भरावी लागते. पण हा फायदा घेणारे किती असतात तेही बघा. देशातल्या कैद्यांत सुमारे एक चतुर्थांश निरक्षर आहेत, आणखी साधारण 40 टक्के दहावीच्या आतले. बीएच्या पहिल्या वर्षापर्यंत पोचणारा मुळातच विरळा. परीक्षा पास झाली की शिक्षेत माफी मिळते, म्हणूनही काही जण बसतात. मला त्यात गैर वाटत नाही. बाहेरची पोरं तरी ज्ञानाच्या ओढीनेच परीक्षेला बसतात, असं मी इतकी वर्षं शिकवून म्हणू शकत नाही.

धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली, हे आपल्याकडे प्रत्येक सभेत अभिमानाने सांगतात. ते सत्याग्रही होते, हे मलाही कळतं. मी तुलना करत नाही. पण तुरुंगात वही-पेन हातात घेणं ही खान्देशाला नवी गोष्ट नाही, एवढं तरी मान्य करा.

आता खरी अडचण. जळगाव, धुळ्याची ती जिल्हा कारागृहं. अशा ठिकाणी मुख्यतः खटला चालू असलेले कच्चे कैदी असतात. 2022 च्या सरकारी आकडेवारीत देशभरातल्या 5,73,220 कैद्यांपैकी 4,34,302 कच्चे कैदी होते, म्हणजे चारातले तीन. त्यांना तीन वर्षांची पदवी कशी मानवणार? आज आहेत, उद्या जामीन. मोठी शिक्षा लागली की नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहासारख्या ठिकाणी रवानगी. माझ्याकडे आलेल्यांचं शिक्षण अर्ध्यावर सुटलं ते बहुतेकदा नापास झाल्याने नव्हे, सुटका झाल्याने. आत निदान रोजचं वेळापत्रक होतं, संध्याकाळी कुलूप लागल्यावर बराकीत रात्रभर दिवा होता, पुस्तक आणून देणारा कोणी होता. बाहेर आल्यावर यातलं काहीच नाही. उलट घर चालवायचं असतं.

त्यात कागदपत्रं. ही बाजू लोकांच्या ध्यानातच येत नाही. माणूस सात-आठ वर्षं आत असला की त्याचा मोबाइल नंबर कधीच बंद पडून दुसऱ्याला गेलेला असतो. आधारला तोच नंबर जोडलेला. ओटीपी कुणा अनोळख्या माणसाच्या फोनवर जाणार. दोन वर्षं व्यवहार नाही म्हणून बँकखातं निष्क्रिय. रेशनकार्डावरचं नाव कमी केलेलं. विद्यापीठाच्या पोर्टलला पासवर्ड बदलायचा तर पुन्हा ओटीपी! आता यात बीएचं दुसरं वर्ष कुठे बसवायचं? म्हणून मी आलेल्याला आधी पुस्तक देत नाही. आधार केंद्रावर पाठवतो, बोटांचे ठसे देऊन नवा नंबर जोडून आण म्हणतो. अभ्यास त्यानंतर.

कामाचं विचारता ना? सरकारी नोकरीचं स्वप्न मी पहिल्याच भेटीत मोडून टाकतो. चारित्र्य पडताळणीत जवळपास सगळं अडकतं आणि खोटी आशा लावणं वाईट. जळगावच्या एमआयडीसीतले चटईचे आणि पाइपांचे कारखाने, डाळमिली, रावेर-सावद्याकडचा केळीचा माल, इकडच्या कापसाच्या जिनिंगा, इथेच काम मिळतं, आणि तेही कोणीतरी शब्द टाकला तर. एका डाळमिलच्या शेठजींनी बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एकाला वजनकाट्यावर ठेवलं. पदवी बघून नव्हे. "हिशेब येतो ना, आणि सर ओळखतात ना," बास. आज तो त्यांचा जीएसटीचा कागद तयार करून सीएकडे पाठवतो. पदवीने त्याला दार उघडून दिलं नाही. पण आत गेल्यावर टिकला तो त्या शिक्षणामुळे, असं मला वाटतं.

अमेरिकेत 1994 साली हाच तुमचा प्रश्न विचारून कैद्यांच्या कॉलेजची सरकारी मदत बंद केली, आणि 2023 मध्ये ती पुन्हा सुरू केली. मधे 2013 साली रँड या संशोधन संस्थेने मांडलं होतं की तुरुंगात शिकलेल्यांची पुन्हा तुरुंगात जाण्याची शक्यता 43 टक्क्यांनी कमी असते. हा आकडा मी पंगतीत फेकत नाही. जो शिकायला बसतो त्याला मुळात सुधारायचं असतं, हेही थोडंफार त्यात आलंच.

एका माणसाला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. अशा कोणाच्या गुन्ह्यात ज्याच्या घरातलं माणूस गेलं, त्याने विचारलं, "माझ्या भावाला कोण शिकवणार होतं?" तर मी ऐकून घेतो. म्हणूनच सुटून आलेल्याला त्याच गावात परत राहायचा आग्रह मी कधी करत नाही. तालुक्याला खोली बघ, गावची जमीन भाऊ करतोय तर करू दे.

सुटलेल्यांना मार्गी लावायला शासनाचे परिवीक्षा अधिकारी आहेत, मुक्त झालेल्या बंद्यांसाठी अनुदानाची तरतूदही आहे. पण अर्ज करायला हवा, आणि अर्ज करता येतो हे कोणीतरी सांगायला हवं. सुटून आलेला माणूस सरकारी कार्यालयाच्या पायरीपासून लांबूनच जातो. सोबत कोणी असलं की चढतो.

तेव्हा पुढच्या वेळी विचाराल तर एवढं लक्षात ठेवा. तुमच्या ओळखीत, नात्यात कोणी सुटणार असेल, तर निघताना तीन कागद आणायला सांगा: कायम नोंदणी क्रमांक, झालेल्या वर्षांच्या गुणपत्रिका आणि सुटकेचा दाखला. अभ्यासकेंद्र बदलून घेता येतं. रविवारी दहानंतर मी असतो.