आमची वाटचाल : बिनऑफिसची फर्म

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ च्या वर. सांगलीतलं आमचं तळमजल्याचं ऑफिस बुडालं, फायलींचा लगदा झाला. टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, बॅकअप घरी होता म्हणून वाचलो. तेव्हापासून भाड्याची जागा घेतलीच नाही. जीएसटी आणि जमाखर्च बघणारी आमची माणसं मिरज, पलूस, विट्यातून घरबसल्या काम करतात.

पुढे गाडी रुळावर आली. मग २०२३ मध्ये पुण्याची एक कंपनी मार्केट यार्डात उतरली. ‘सगळं एआय करतं, माणसांचे पैसे कशाला भरता?’ निम्मी गिऱ्हाइकं गेली, काही तर थकबाकी बुडवून. नावं अजून पाठ आहेत. पगार पतसंस्थेकडून उचलून केले. तासगावचे बेदाणावाले शेठ तेवढे हलले नाहीत. म्हणाले, “मला शिव्या घालायला माणूस लागतो.”

एआय आम्हीही घेतलं, पण माणसं जोडायला. शेठ रात्री गाडीतून व्हॉइस मेसेज टाकतात. निम्मा हिशेब, निम्मी सौद्याची तक्रार. त्यातलं काम वेगळं निघून सकाळी पलूसच्या मुलीच्या यादीत येतं, त्या खात्यावर मिरजेत काल कुठवर झालं त्यासकट. विचारायला शेजारी टेबलच नाही, तिथं याची किंमत कळते.

पट्टीचा, म्हणजे मालाच्या विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठीचा, फोटो वाचणं मात्र मशीनला अवघड. हमाली-तोलाई कोपऱ्यात कोंबलेली, घाईत लिहिलेला १ की ९ ते शेठनाच माहीत. म्हणून वजन, दर आणि खर्चाचा मेळ बसला नाही की पट्टी थेट माणसाकडे जाते. आमच्या नोंदीत बिल ‘०४५’ आणि टू-बीत (विक्रेत्यांनी भरलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी) नुसतं ‘४५’ असेल, तर ते मशीन जुळवतं. पूर्वी १४ तारखेला टू-बी आलं की २० च्या थ्री-बीपर्यंत, म्हणजे महिन्याचं जीएसटी विवरणपत्र भरेपर्यंत, आमच्या रात्री यातच जायच्या.

नव्यानं या धंद्यात येणाऱ्यांनी ऑफिसच्या फर्निचरवर पैसे घालू नयेत. प्रत्येकाच्या घरी इन्व्हर्टर द्या. आणि गिऱ्हाइकाची कागदपत्रं फुकटच्या चॅटमध्ये टाकू नका.

त्या कंपनीच्या गिऱ्हाइकांना नोटिसा आल्या, तेव्हा बरेच परतले. आधीची बाकी घेऊनच खाती उघडली. परवा त्याच कंपनीनं आमच्या पलूसच्या मुलीला नोकरीसाठी फोन केला. पट्ट्या तपासायला माणूस पाहिजे म्हणे.