रात्री एक वाजता घरघरणारा मायक्रोवेव्ह

सेकंड शिफ्ट करून घरी पोचायला मला पाऊण-एक वाजतो. डोंबिवलीला आमचं वन बीएचके, किचन आणि हॉलच्या मध्ये एकच भिंत आणि त्या भिंतीला लागून आईचा पलंग. जानेवारीत तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून तिची झोप फार सावध झालीय, आणि एकदा जाग आली की ती उठतेच, वॉकर धरून किचनच्या दारात येऊन उभी, "आलास का रे, थांब पोळी गरम करून देते". कितीही सांगा, ऐकत नाही. म्हणून मी बूट दाराबाहेरच काढतो, लॅच हळू लावतो, लाईटसुद्धा फक्त किचनचा, आणि एवढं सगळं करून आमटीचा बोल आत ठेवून बटण दाबलं की घर्रर्र घर्रर्र टक, घर्रर्र घर्रर्र टक. आई जागी.

मे महिन्यात हा आवाज वाढायला लागला. आमचा साधाच आहे, २० लिटरचा सोलो (म्हणजे नुसता तापवणारा, ग्रिल नसलेला), सात वर्षं झाली. आधी वाटलं जुना झालाय, करेल आवाज. मग कस्टमर केअरला फोन करून माणूस बोलावला. त्याने दार उघडून बघितलं, एकदा चालू केला, बंद केला, "मॅग्नेट्रॉन गेलाय सर, साडेतीन हजार होतील, त्यापेक्षा एक्सचेंजमध्ये नवीन घ्या". पाच मिनिटांत निघाला, व्हिजिट चार्ज वेगळा. मला खरंच राग आला, पैशांचा नाही एवढा, पण त्याने तो आवाज धड ऐकलाच नाही याचा.

कारण मॅग्नेट्रॉन म्हणजेच तर अन्न तापवणारा भाग. मूळचा रडारमधला, त्याच्यावर काम करताना १९४५ मध्ये पर्सी स्पेन्सर नावाच्या इंजिनिअरच्या खिशातलं चॉकलेट वितळलं आणि त्यातून हा ओव्हन निघाला. तो गेला तर आमटी थंडच राहणार ना! आमच्याकडे कपभर पाणी पहिल्यासारखंच दीड मिनिटात वाफाळत होतं. उलट जोरात खालच्या पट्टीतला हुंऽऽ येतोय आणि अन्न मात्र गारच, असं असेल तर आतला डायोड नाहीतर मॅग्नेट्रॉन बिघडल्याची शंका घ्यायची. थोडा हुं तसाही असतोच, आत ट्रान्सफॉर्मर आहे, तो गुणगुणणारच. आणि पॉवर कमी ठेवली तर हा हुं मध्येच थांबतो, पुन्हा खट् करून सुरू होतो, कारण साध्या मॉडेलमध्ये कमी पॉवर म्हणजे थोडा वेळ चालू थोडा वेळ बंद एवढंच असतं, तो बिघाड नाही.

रविवारी दुपारी मग मीच स्टूल घेऊन बसलो. पहिल्यांदा वरचे स्टीलचे डबे आणि क्रोशाचं कव्हर काढलं. झिणझिण तिथेच गेली, शिवाय हवेच्या जाळ्याही त्या कव्हरने अर्ध्या झाकल्या होत्या, हे लक्षातच नव्हतं. मग मोबाईलवर स्टॉपवॉच लावून तो 'टक' मोजला. काचेची प्लेट एक फेरा दहा सेकंदांत मारते, पण टक यायचा साडेसहा-सात सेकंदांनी. हे काही केल्या जुळेना. मग खाली वाकून बघितलं तर प्लेटखालची चाकांची रिंग प्लेटच्या निम्म्या वेगाने फिरते, म्हणजे तिचा फेरा वीस सेकंदांचा, आणि तिला चाकं तीन. वीस भागिले तीन! म्हणजे रिंगच्या वाटेत काहीतरी आहे आणि प्रत्येक चाक पाळीपाळीने त्याच्यावर चढतंय. डोळ्यांना काही दिसेना, बोट फिरवलं तेव्हा लागला, साबुदाण्याचा एक दाणा, वाळून काचेसारखा पारदर्शक झालेला आणि तळाला घट्ट चिकटलेला. नखाने निघेना. बोलमध्ये पाणी आणि अर्धं लिंबू पिळून तीन मिनिटं लावलं, दार न उघडता थोडा वेळ तसंच ठेवलं, आणि मग ओल्या फडक्याने अलगद निघाला. चाकंही काढून धुतली, त्यांच्या आसाला केस आणि तेलाचा चिकटा गुंडाळलेला होता.

टक गेला. घर्रर्र राहिला.

मग एकेक वस्तू काढत गेलो. प्लेट आणि रिंग काढली, पाण्याचा कप आत एका बाजूला ठेवून अर्धा मिनिट चालवला (रिकामा कधीच चालवू नका, लहरी शोषायला आत काही नसलं की त्या उलटून मॅग्नेट्रॉनलाच त्रास होतो). आवाज तसाच. मधला, प्लेटला खालून फिरवणारा तीन पाकळ्यांचा प्लास्टिकचा कपलर सरळ वर ओढून काढला. तरी तसाच. आता उरले दोघं, मागचा पंखा आणि प्लेट फिरवणारी मोटर. आमच्या मॉडेलमध्ये टाइम संपल्यावर प्लेट थांबते पण पंखा अजून थोडा वेळ चालतो, तेव्हा कान लावला, नुसती हवेची सूं. पंखा निर्दोष सुटला. म्हणजे मोटरच.

इथे मी थांबलो, आणि तुम्हीही थांबा असं कळकळीने सांगतो. मायक्रोवेव्हची बाहेरची बॉडी घरी खोलायची नाही म्हणजे नाही. आत दोन हजार व्होल्टच्या आसपासचा मामला असतो आणि प्लग काढला तरी वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये चार्ज शिल्लक राहू शकतो, जीव जायला तेवढा पुरे. व्हिडिओ बघून लोक करतात, करू नका.

गल्लीत मिक्सर दुरुस्त करणारे काका आहेत त्यांच्याकडे उचलून नेला. त्यांनी चालू करून डोळे मिटून ऐकलं, खरंच डोळे मिटून, आणि म्हणाले, "टर्नटेबलची मोटर." उलटा करून खालच्या पत्र्यातला छोटा चौकोन पकडीने कापला, दोन वायरी काढल्या, मोटर हातात आली. चपटी, पेढ्यांच्या लहान डबीएवढी. मी विचारलं म्हणून त्यांनी ती उघडूनही दाखवली. आत पांढरे प्लास्टिकचे गिअर, एकाचे दोन दात गेलेले, आणि सगळीकडे पिवळी पापडी धरलेली. आमटी! कधीतरी उतू गेलेली, कपलरच्या भोकातून मोटरच्या दांड्यावरून झिरपत खाली उतरलेली. आत सांडलं की आम्ही वरची काच पुसायचो, कपलर काढून खाली कधीच पुसलं नव्हतं. नवीन मोटर अडीचशे, मजुरी दीडशे.

त्या रात्री आमटी दीड मिनिट फिरली, नुसता बारीक हुं. शेवटचा सेकंद राहिला की मी दार उघडतो, म्हणजे बीपही वाजत नाही. पलंगाकडून काही हालचाल नाही.

सकाळी आई विचारते, "काल जेवला नाहीस का? मला काही ऐकूच आलं नाही." म्हणून आता जेवण झालं की ताट घासून ओट्यावर पालथं घालून ठेवतो, पहाटे पाणी प्यायला उठली की तिला दिसतं.