पुण्यात छापलेलं पुस्तक पुण्यातून का उघडत नाही?

जुन्या पुस्तकांच्या मागे लागलेल्या पुणेकरांना हाथीट्रस्ट हे नाव नवीन नसेल. अमेरिकेतल्या विद्यापीठांनी २००८ साली एकत्र येऊन उभं केलेलं हे डिजिटल ग्रंथालय. त्याचा कारभार मिशिगन विद्यापीठातून चालतो, म्हणजे माझ्या घरापासून अगदी जवळ. इथल्या ग्रंथालयांनी कधीकाळी घेतलेली मराठी पुस्तकंही स्कॅन होऊन त्यात आली आहेत. मी इथून दुवा उघडला की सगळी पानं दिसतात. सदाशिव पेठेतल्या मामाला त्याच दुव्यावर फक्त शोधाची चौकट मिळते: शब्द कितव्या पानावर आहे ते कळेल, पान वाचता येणार नाही. आणि पुस्तक छापलेलं कुठे, तर मामाच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर!

वाचणाऱ्याचा आयपी पत्ता, म्हणजे त्याच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक, कुठल्या देशातला आहे, यावर हे ठरतं. अमेरिकेत जुन्या पुस्तकांचे हक्क प्रकाशनापासून ९५ वर्षं मोजतात, आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. परदेशातल्या प्रत्येक लेखकाचं मृत्यूचं साल शोधणं शक्य नसल्यानं, अमेरिकेबाहेर छापलेली ठरावीक सालानंतरची पुस्तकं हाथीट्रस्टवाले बाहेरच्यांना सरसकट बंद ठेवतात. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली गेले. त्यांच्या पिढीतल्या कित्येकांचं लेखन भारतात केव्हाच मुक्त झालंय, तरी तिथल्याच अभ्यासकाला ते दिसू नये, याचा मला मनापासून राग येतो.

मामानं वेब प्रॉक्सी शोधून काढली. आपण पत्ता तिला द्यायचा, ती तिच्या देशातल्या सर्व्हरवरून पान आणते आणि आपल्याला दाखवते. व्हिडिओ कॉलवर त्यानं स्क्रीन दाखवली तेव्हा पुस्तक खरंच उघडलं होतं. "मामा, वरच्या पट्टीतला पत्ता वाच," मी म्हटलं. तो प्रॉक्सीचा होता. शेजारचं कुलपाचं चिन्हही प्रॉक्सीचंच. मामापासून प्रॉक्सीपर्यंतचा रस्ता बंदिस्त, पण प्रॉक्सीच्या सर्व्हरवर सगळं उघडं. दुसऱ्याकडून पत्र वाचून घ्यावं तसंच हे. मजकूर त्याला कळणारच. स्कॅनची काही पानं अर्धीच उमटली होती आणि खाली 'डाउनलोड' असं मोठं हिरवं बटण होतं, जे मूळ साइटवर नाहीच. ते मी त्याला दाबू दिलं नाही.

म्हणून प्रॉक्सी पारखताना मी आधी आपला आयपी दाखवणारी साइट तिच्यातून उघडते. देश कुठला दिसतो ते लगेच कळतं. मग सगळीकडे उघडणारी एखादी पीडीएफ एकदा थेट आणि एकदा प्रॉक्सीतून उतरवून दोन्हींचा हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठसा, ताडून बघते. एक अक्षर जरी वेगळं निघालं तरी ती प्रॉक्सी बाद. आणि लॉगिन, ओटीपी, आधार क्रमांक असलं काही तिच्यातून कधीच द्यायचं नाही, ती कितीही चांगली वाटली तरी.

उलट दिशेनं हाच प्रश्न आम्हाला छळतो. भारतातल्या काही सरकारी साइट इथून उघडतच नाहीत. भारतातला आयपी देणारी व्हीपीएन, म्हणजे आपली सगळी जोडणी दुसऱ्या सर्व्हरमार्फत बंदिस्त नेणारी सेवा, घ्यावी, तर एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेनं ग्राहकांची माहिती पाच वर्षं साठवण्याचा आदेश काढल्यावर काही मोठ्या कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच हलवले. घरच्या मालमत्तेचे कागद फुकट प्रॉक्सीतून काढायला माझा ठाम विरोध आहे. आईबाबांच्या घरी छोट्या यंत्रावर वायरगार्ड हे व्हीपीएनचं सॉफ्टवेअर बसवून त्यांच्याच जोडणीतून जाता येतं, फक्त ब्रॉडबँडवाल्याकडून पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट गाठता येणारा पत्ता, मागून घ्यावा लागतो. तेवढी खटपट नको असेल तर बाबांनीच कागद उतरवून पाठवलेला बरा.

पुस्तकांसाठी मात्र प्रॉक्सीच्या आधी आर्काइव्ह डॉट ऑर्ग हे मोफत डिजिटल ग्रंथालय धुंडाळा. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या भारतातल्या स्कॅनिंग प्रकल्पाची पुष्कळ मराठी स्कॅन तिथे आहेत आणि ती पुण्यातून सरळ उघडतात. तिथे नसेल तर हाथीट्रस्टला हक्कांच्या फेरतपासणीची विनंती करता येते. लेखक कधी गेला याचा पुरावा पुण्यात बसून जितका सहज मिळेल तितका इथे कुणाला मिळणार? मामानं आपल्या पुस्तकासाठी तसं पत्र पाठवलंय, जुन्या चरित्रकोशातल्या नोंदीच्या फोटोसकट.