भिंतीतले अकरा रुपये

आज पंचवटीतल्या जुन्या घराची देवळी फोडली. मागच्या पोकळीत चिंधीत बांधलेले अकरा चांदीचे रुपये निघाले, पंचम जॉर्जचे. आजीचे. शेवटच्या दिवसांत तिची वाचा गेली होती, सारखी त्या भिंतीकडे हात करायची. आम्ही पाणी पाजत राहिलो.

दिवसभर डोक्यात जोगळटेंभी घोळतंय. आपल्याच जिल्ह्यातलं, गोदा-दारणा संगमावरचं गाव. १९०६ साली तिथे दोन हजार वर्षांपूर्वीच्या शक राजाची, क्षत्रप नहपानाची १३,००० हून जास्त चांदीची नाणी सापडली. त्यातल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजाने, गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का पुन्हा ठोकलेला. राजा बदलला, चांदी तीच. ज्याने ती पुरली तो परत का आला नाही?

संध्याकाळी पांडवलेण्यांवर जाऊन बसलो. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. इथल्याच गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे, म्हणजे विणकरांच्या संघांकडे, ३,००० कार्षापण (तेव्हाची नाणी) कायमची ठेव. त्यातल्या २,००० वर दरमहा शेकडा एक व्याज, भिक्षूंच्या चिवरांसाठी, म्हणजे वस्त्रांसाठी. म्हणजे विश्वासाने पैसा ठेवायची सोय तेव्हाही होती, अगदी इथेच. पण ती ज्याची पत आहे त्याला.

आजी ऐन तिशीत विधवा झाली. घरातला पैसा आधी दिरांच्या हाती, मग मुलांच्या. लोक साठवण्याला हाव म्हणतात, मला ते मुळीच पटत नाही. तिच्या मालकीचं एवढंच होतं.

चिंधी तिच्या नऊवारीच्या काठाची आहे. हिरवा काठ, अजून रंग टिकून आहे.